भाऊंच्या पाठीवरचा चिमटा

मी एक जुना चिमटा आहे. कपडे वाळत घालायचा. लाकडाचे दोन तुकडे आणि मधे एक स्प्रिंग, एवढंच माझं शरीर. पोट नाही, डोकं नाही, फक्त जबडा. मित्रांनो, तुमच्या गच्चीतल्या दोरीवर माझी भावंडं असतील. ती कुणाशी बोलत नाहीत, पण ऐकतात सगळं.

आधीच सांगून टाकतो, मी पटकन कुणावर विश्वास ठेवत नाही. जन्मतः असा नव्हतो. नोकरीने केलं. ज्याने वर्षानुवर्षं माणसांच्या पाठी बघितल्या त्याचं असंच होतं. माणूस समोरून जे दाखवतो ते तुम्ही बघता. मी मागे असतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. लाकूड कापणारं यंत्र दिवसभर किंचाळायचं. एक बाई स्प्रिंगा बसवायची आणि प्रत्येक चिमटा स्वतःच्या बोटाला लावून बघायची. जो चावला तो पास. जो नाही चावला तो जळणात. मी असा चावलो की ती 'आई गं' म्हणाली आणि हसली. आयुष्यातलं पहिलं कौतुक मला चावल्याबद्दल मिळालं. बहुतेक तेव्हापासूनच मला कौतुकाचा संशय येतो.

मग बाजार, मग एका ताईंची पिशवी. ताई एका टीव्ही चॅनलमध्ये कामाला होत्या. पडद्यावर दिसणाऱ्या लोकांचे कपडे सांभाळायचं काम. इस्त्री, बटणं, डाग, सगळं त्यांच्याकडे. थोडे दिवस मी त्यांच्या घरच्या दोरीवर होतो. उन्हात, वाऱ्यात, उशीच्या अभ्र्यांच्या संगतीत. तो काळ चांगला होता. ओला कपडा खोटं बोलत नाही. ओला असला की जड, वाळला की हलका.

एके दिवशी ताईंनी मला सुई-दोऱ्याच्या डब्यात टाकलं आणि कामावर नेलं.

तिथली गंमत सांगतो. चॅनलचे कोट चॅनलचे नव्हतेच. एका मोठ्या दुकानातून वापरायला यायचे. अट एकच. कापायचे नाहीत, शिवायचे नाहीत, होते तसे परत द्यायचे. आता दुकानातला कोट धिप्पाड माणसाच्या मापाचा आणि घालणारा काडी पैलवान. मग काय करायचं? मागून जास्तीचं कापड मुठीत गोळा करायचं आणि चिमटा लावायचा. पुढून बघाल तर वाटेल अंगावरच शिवलाय. मागून बघाल तर गाठोडं.

ते गाठोडं धरायचं काम माझं.

आमच्या काडी पैलवानाला सगळे भाऊ म्हणायचे. तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी भाऊ लागत असतील रोज संध्याकाळी. त्यांच्या कार्यक्रमाचं नाव 'चुकलं माझं'. कुणीतरी चुकलेला माणूस आणायचा, लाकडी स्टुलावर बसवायचा, त्याची चूक सगळ्यांसमोर उलगडायची. शेवटी तो माणूस हात जोडून म्हणायचा, चुकलं माझं. मग भाऊ आपल्या मऊ खुर्चीतून वाकायचे, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचे आणि घरात बसलेल्या तुम्हा सगळ्यांना सांगायचे की बघा, चूक कबूल करणारा माणूस मोठा असतो.

छान वाटतं ऐकायला. मलाही वाटलं असतं. पण मी मागे होतो.

मागून काय दिसायचं ते सांगतो. एखादी बाई स्टुलावर ढसाढसा रडायला लागली की भाऊंचा आवाज कापायचा. पाठ मात्र हलायची नाही. मी पाठीला चिकटलेला, मला कळणार नाही तर कुणाला? आवाज थरथर, श्वास एकदम शांत. जेवून आडवा झालेल्या माणसासारखा. आणि ती बाई जितकी जास्त रडेल तितका भाऊंचा डावा पाय खुर्चीखाली ताल धरायचा.

पाहुण्यांच्या कपड्यांचंही तसंच. स्टुलावर बसायला येणारा माणूस घरून आपला सगळ्यात चांगला शर्ट घालून यायचा. ताईंना वरून हुकूम होता, तो शर्ट काढून घ्या. त्याला चुरगळलेला, कॉलर पिवळी पडलेला शर्ट द्या. चुकलेला माणूस चुकलेला दिसायला हवा. ताई हे करायच्या, पण करताना पाहुण्याकडे बघायच्या नाहीत.

भाऊंचं आवडतं वाक्य होतं, 'हातात स्टिअरिंग, तर खिशात फोन.' गाडी चालवताना फोन बघणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. एकदा शाळेच्या बसचा ड्रायव्हर आणला होता. बस चालवताना फोनवर बोलताना कुणीतरी त्याचं चित्रण केलं होतं. तो बिचारा पहिल्या मिनिटाला म्हणाला, चुकलं माझं. पण एवढ्यात संपवून कार्यक्रम कसा चालणार? भाऊंनी त्याला पुन्हा पुन्हा तेच म्हणायला लावलं. त्याची नोकरी गेली. त्या आठवड्यात भाऊ फार खुशीत होते.

ताई माझ्यावर खूश असायच्या. बाकीचे चिमटे घामाने सटकायचे, मी नाही. माझी स्प्रिंग जरा सैल व्हायला लागली तेव्हा त्यांनी तिला निळा धागा गुंडाळला, घट्ट. म्हणाल्या, भाऊंची अब्रू तुझ्या दातात आहे बरं.

चेष्टा होती ती. त्या वेळी तरी.

आता हळूकाकांबद्दल सांगायला हवं. भाऊंचे ड्रायव्हर. गाडी इतकी जपून चालवायचे की चॅनलमध्ये सगळे त्यांना हळूकाका म्हणायचे. रस्त्यात कबुतरं दाणे टिपत असली तर काका गाडी थांबवून त्यांचं जेवण होईपर्यंत वाट बघायचे, अशी त्यांची थट्टा चालायची. ते हसायचे. रोज दुपारी ताईंच्या खोलीत येऊन चहा प्यायचे आणि मुलीच्या गोष्टी सांगायचे. मुलगी हुशार. तिच्या शाळेच्या प्रवेशाच्या वेळी अडचण आली होती, तेव्हा भाऊंनी शाळेला एक फोन केला आणि काम झालं. काका हे इतक्या वेळा सांगायचे की ताई म्हणाल्या, काका, फोन एकदाच केला ना त्यांनी, मग तुम्ही किती वेळा आभार मानणार?

त्या दिवशी कार्यक्रमाचं चित्रण दुपारीच उरकलं. भाऊंना एका शाळेत भाषण द्यायला जायचं होतं, मुलांना चांगल्या सवयींबद्दल. उशीर झाला होता. ते तसेच कोट घालून पळाले. ताई मागून ओरडल्या, भाऊ, कोट, चिमटा. भाऊंनी हात हलवला. त्यांना वाटलं असेल ताई अच्छा करतायत.

मी त्यांच्या पाठीवर तसाच. पहिल्यांदाच उन्हात चाललो होतो, दोरी सोडून.

भाऊ मागच्या सीटवर बसले. थोडं अंतर गेल्यावर त्यांची चुळबुळ सुरू झाली. काका, जरा दाबा की. काका म्हणाले, दाबतो, पण पुढे शाळा आहे. भाऊ म्हणाले, मला त्याच शाळेत जायचंय आणि ती अजून दिसत पण नाहीये. मग एका गोदामामागच्या रिकाम्या रस्त्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"सरका काका. मी चालवतो. तुमच्या भरवशावर राहिलो तर मुलं म्हातारी होतील."

काका बाजूच्या सीटवर गेले. भाऊ स्टिअरिंगवर आले. पाठ टेकली तसा मी त्यांच्या मणक्याला टोचलो. ते दोनदा हलले, पण कुणी काढलं नाही मला.

आणि मित्रांनो, मग त्यांनी फोन काढला.

मी पाठीमागे दाबलेला, मला दिसलं नाही, पण पुढे सगळं ऐकायला मिळालं. काय बघत होते माहितीये? स्वतःलाच. आदल्या दिवशीच्या कार्यक्रमातला तुकडा. 'हातात स्टिअरिंग, तर खिशात फोन' म्हणतानाचा त्यांचाच आवाज त्यांच्याच हातातून येत होता. लोकांनी खाली काय काय लिहिलंय ते अंगठ्याने सरकवत होते. काका दोनदा म्हणाले, भाऊ, समोर बघा. दोनदा.

समोर सायकलवर चित्रकलेचे सर चालले होते. मागच्या कॅरियरला मुलांच्या चित्रांची गुंडाळी. गाडी मागून लागली. सर उडाले, गाडी भिंतीला घासली, कागद रस्ताभर. कागदांवर घरं होती, सूर्य होते, एक जिराफ होता.

भाऊ उतरायला घाईने वळले आणि मी सीटच्या कडेत अडकून सुटलो. सीट आणि तिची पाठ यांच्या फटीत पडलो. तिथूनही मला काही दिसलं नाही. ऐकू आलं.

काका धावत गेले होते सरांकडे. सर शुद्धीत होते, पाय मोडला होता. कुणी मारलं, कसं मारलं, त्यांनी पाहिलं नव्हतं. पाठ होती ना त्यांची. काकांनी रुग्णवाहिका बोलावली. मग दाराजवळ भाऊंचा आवाज आला, हळू. मी तो आवाज कधीच ऐकला नव्हता. कार्यक्रमात नव्हता तो.

"हळूकाका, ऐका. तुम्ही चालवत होतात. दोन दिवसांचा प्रश्न आहे. तुमचं नाव कुठे येणार नाही, मी बघतो. मी अडकलो तर चॅनल बसेल. ताई, कॅमेरावाले, सगळ्यांचं पोट आहे. ऐकतोयस ना?"

बघा, 'ऐका'ने सुरुवात झाली आणि 'ऐकतोयस'वर आली. घाबरला की माणसाचं 'अहो' आधी गळतं.

 काका म्हणाले, बरं.

का म्हणाले बरं? मी फटीत पडून त्याचाच विचार करत होतो. एक फोन केला होता भाऊंनी शाळेला. तेवढ्याच्या ओझ्याखाली माणूस इतका वाकतो?

पोलिस आले, काकांनी 'मीच चालवत होतो' असं सांगितलं आणि परवाना त्यांच्याकडे जमा केला. मग गाडी ओढून एका गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाला बडबड्या. गाड्यांशी बोलायचा, पान्यांशी बोलायचा, ऐकणारं कुणी नसलं तर स्वतःला शिव्या द्यायचा. पुढची सीट साफ करताना त्याच्या हाताला मी लागलो. अरेच्चा, म्हणाला, इथे धुणं वाळत घालत होते की काय? मग त्याने मला भिंतीवरच्या तारेला लावलं आणि माझ्या दातात एक तेलकट फडकं दिलं.

त्याच भिंतीवर टीव्ही होता. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'चुकलं माझं' लागलं.

मित्रांनो, तेव्हा मी पहिल्यांदा भाऊंचा चेहरा पाहिला. इतकी वर्षं मी त्यांच्या पाठीवर काढली, पण तोंड कधी बघितलंच नव्हतं. काय सांगू, चेहरा चांगला होता. डोळे ओले, कपाळावर एक आठी, अगदी घरातला मोठा माणूस. मला वाटलं, छे, मीच मागून काहीतरी चुकीचं समजत होतो. माझ्यासारख्या संशयी लाकडालासुद्धा क्षणभर तसं वाटलं. म्हणजे तुमची काय चूक?

मग ते बोलायला लागले. म्हणाले, आज स्टूल रिकामं आहे. आज मी माझ्याच घरातली चूक घेऊन आलोय. आणि पडद्यावर हळूकाकांचा फोटो आला. मोठा, अख्खा पडदाभर. भाऊ म्हणाले, हा माणूस माझी गाडी चालवत होता आणि चालवताना फोनवर व्हिडिओ बघत होता. मी मागे बसून दोनदा म्हणालो, समोर बघा. दोनदा.

काकांचं वाक्य पण त्यांनी घेतलं. जसंच्या तसं.

शेवटी म्हणाले, मी परक्याला सोडत नाही, तर माझ्या माणसाला कसा सोडेन? लोकांनी टाळ्या वाजवल्या. गॅरेजवाल्यानेही एक वाजवली, मग हात फडक्याला पुसला.

त्याच्या पुढच्या दिवशी काका गॅरेजमध्ये आले. गाडीतला डबा, उशी आणि चष्मा न्यायला. दोन दिवसांत माणूस किती बारीक होतो ते मी तेव्हा पाहिलं. गॅरेजवाल्याने सुरुवात केली, काय काका, कुठला सिनेमा बघत होतात, आम्हाला पण सांगा. काकांनी उशी काखेत मारली. तो म्हणाला, माझ्या बायकोने तर तुम्हाला ओळखलंच नाही, म्हणाली हा असा दिसतो होय, चेहऱ्यावर तर काही दिसत नाही. काकांनी डबा उचलला. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. निळ्या धाग्यावर.

हा कुठे मिळाला, असं त्यांनी विचारलं. ड्रायव्हरच्या सीटमध्ये, असं उत्तर आलं. तुमचाच असेल, घेऊन जा.

काकांनी मला हातात घेतलं आणि उगाचच उघडलं, मिटलं, उघडलं. कोटाचा चिमटा, असं काहीतरी पुटपुटले. गॅरेजवाला बडबड्या असला तरी मठ्ठ नव्हता. त्याने काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, तुम्ही कोटबिट घालत नाही ना काका? काका म्हणाले, नाही. मग तो थोडा वेळ पाना शोधत राहिला. जाताना एवढंच म्हणाला, टीव्हीवर जाऊन काही कबूल करू नका. पोलिसांसमोर बोललेलं एक वेळ बदलता येतं. तिथे बोललात तर उद्या तेच कोर्टात लावतील. गाडीचा परवाना कायमचा गेला समजा. आणि गाडीशिवाय तुम्हाला दुसरं येतं काय?

काकांनी मला खिशात टाकलं.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. बायको शिलाई मशीनवर होती. मुलगी दप्तर पायाशी टाकून बसली होती, शाळेचा गणवेश अजून अंगावर. त्या दिवशी शाळेत तिला कुणीतरी विचारलं होतं, तुझे बाबा गाडीत कार्टून बघतात का? मी खिशातून ऐकत होतो.

"बाबा, तुमच्या फोनवर व्हिडिओ दिसतो कुठे? त्यावर तर नुसतं बोलता येतं."

काकांचं काळीज खिशाला अगदी चिकटून असतं. मला त्याचा धक्का लागला.

"दुसऱ्याचा होता फोन."

"कुणाचा?"

"भाऊंचा. धरायला दिला होता."

"म्हणजे तुम्ही बघत होतात?"

"हो."

मशीन थांबलं होतं. मुलीने दप्तर उचललं आणि आतल्या खोलीत गेली. बायको म्हणाली, कशाला खोदते ही पोर, जाऊ दे. पण ती 'जाऊ दे' कुणाला म्हणत होती ते मला नीट कळलं नाही. तिला खरं माहीत होतं का? मला अजून संशय आहे.

दोन-तीन दिवसांनी चॅनलमधून फोन आला. शुक्रवारी कार्यक्रमात या. स्टुलावर बसा, 'चुकलं माझं' म्हणा. भाऊ तुम्हाला सगळ्यांसमोर माफ करतील आणि कामावर परत घेतील. बायकोला आणि मुलीला पण आणा, पहिल्या रांगेत बसवू. कॅमेऱ्याला रडणारं माणूस लागतं, हे ते बोलले नाहीत. मी बोलतोय.

म्हणजे आता बघा, काकांपुढे काय होतं. 'चुकलं माझं' म्हटलं तर कसली तरी नोकरी मिळेल पण परवाना आणि नाव दोन्ही कायमचे जाणार, ते पण मुलीच्या डोळ्यांसमोर. नाही म्हटलं तर नोकरी गेली ती गेलीच. आणि खरं सांगितलं तर एवढ्या मोठ्या माणसासमोर त्यांचं ऐकणार कोण? त्यांच्याकडे साक्षीला कोण होतं? एक चिमटा.

शुक्रवारी काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. ताईंच्या खोलीत पोचले. ताईंनी हुकमाप्रमाणे चुरगळलेला शर्ट पुढे केला आणि त्यांच्याकडे बघितलं नाही. काकांनी शर्ट बदलायच्या आधी मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं. तुमचा हा राहिला होता, म्हणाले.

ताईंनी मला लगेच ओळखलं. कुठे होता हा? सगळं शोधलं मी. काका म्हणाले, गाडीत सापडला गॅरेजवाल्याला.

"गाडीत कुठे?"

काका शर्टाची बटणं लावत राहिले.

"काका, गाडीत कुठे?"

"पुढे. माझ्या सीटवर."

ताई खुर्चीत बसल्या. त्या दिवशी भाऊंच्या मागे ओरडत धावल्या होत्या त्या. मी कुणाच्या पाठीवर होतो हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. आणि ती पाठ मागच्या सीटवर होती असं सगळ्या जगाला सांगून झालं होतं. त्या बराच वेळ नुसत्या माझ्या धाग्यावरून बोट फिरवत होत्या. मग काकांच्या अंगावरचा चुरगळलेला शर्ट त्यांनी काढायला लावला. म्हणाल्या, तुमचाच घाला. विचारलं तर माझं नाव सांगा.

तेवढ्यात भाऊ आले. काकांच्या खांद्यावर थाप मारली, काळजी करू नका म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे. आणि सवयीप्रमाणे ताईंकडे पाठ करून उभे राहिले. ताईंनी डब्यातले बाकी सगळे चिमटे सोडून मला उचललं. कापड गोळा केलं. लावलं.

"आज जरा जास्त टोचतंय," भाऊ म्हणाले.

"जुना आहे, भाऊ. तुमच्या पाठीला सवय आहे त्याची."

काका बाजूलाच उभे होते. त्यांनी ऐकलं.

कार्यक्रम त्या दिवशी थेट होता. जे होईल ते लगेच सगळ्या घरांत. समोर लोक, पहिल्या रांगेत काकांची बायको आणि मुलगी. भाऊंनी आवाज कापवला. माझ्याखालची पाठ नेहमीसारखी थंड. विश्वास म्हणजे काय, जबाबदारी म्हणजे काय, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, बोला काका, मन मोकळं करा.

काकांनी मुलीकडे पाहिलं. हात जोडले.

"चुकलं माझं," म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या. काकांनी त्या थांबायची वाट बघितली. घाई त्यांच्या रक्तातच नव्हती. "त्या दिवशी गाडी मी चालवली नाही. मी चालवायला हवी होती. भाऊंनी सरक म्हटलं आणि मी सरकलो. तिथे चुकलं."

तेव्हा माझ्याखालची पाठ ओली झाली. एकदम. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

भाऊ हसले. म्हणाले, काका घाबरलेत, गोंधळलेत, पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आलेत. लोकही थोडे हसले. खरं सांगतो, त्या क्षणी लोक भाऊंच्याच बाजूचे होते.

"भाऊ, जरा उठून पाठ दाखवता?" काका म्हणाले. "तुमच्या पाठीवरचा चिमटा गॅरेजवाल्याला ड्रायव्हरच्या सीटमध्ये सापडला. मागे बसला होतात म्हणता, तर तो पुढे कसा गेला तेवढं सांगा. तो आत्ता पण आहे तुमच्या पाठीवर."

कुणी हसलं नाही. भाऊंनी कॅमेऱ्यामागे कुणालातरी खूण केली. बहुतेक जाहिरात लावायची असेल. खूण कुणी बघितली नाही म्हणा, किंवा बघून बघितली नाही. मग भाऊंना राग आला, आणि रागात माणूस शिकलेलं विसरतो. इतकी वर्षं ते खुर्चीतून कधी पाठ वळवून उठले नव्हते, कॅमेरा बंद होईपर्यंत बसून राहायचे. त्या दिवशी ताडकन उठले आणि तरातरा चालायला लागले.

पाठ सगळ्यांकडे करून.

मुठीएवढं गाठोडं कापडाचं आणि त्याच्या मधोमध मी, निळा धागा गुंडाळलेला. मी धरून ठेवलं होतं. सोडलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. पोलिसांनी ताईंना विचारलं, गॅरेजवाल्याला विचारलं. भाऊंच्या फोनवर त्या वेळी काय चालू होतं तेही निघालं. मी बरेच दिवस एका पाकिटात होतो. काकांवरचा आरोप गेला, परवाना परत मिळाला. आता ते एका रुग्णालयाची गाडी चालवतात. तिथेही लोक त्यांना हळूकाकाच म्हणतात. सरांचा पाय जुळला, जरा लंगडतात. काका त्यांना भेटायला जातात. भाऊ एकदाही गेले नाहीत. ताईंनी नोकरी सोडली असं ताई म्हणतात, काढलं असं चॅनल म्हणतं. आणि तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर? त्याने तर पहिल्याच मिनिटाला खरं सांगितलं होतं. त्याला परत कुणी बोलावल्याचं मी ऐकलं नाही.

भाऊ काही महिने दिसले नाहीत. मग दुसऱ्या चॅनलवर आले. नवा कार्यक्रम, माफ करायला शिका असा काहीतरी. ऐकलंय की त्यात ते स्वतःच स्टुलावर बसतात आणि रडतात. खरंच रडत असतील का? मी कसं सांगणार. आता त्यांच्या पाठीवर दुसरा कुणीतरी आहे, त्याला विचारा.

ताईंनी मला काकांच्या मुलीला देऊन टाकलं. सध्या मी तिच्या खिडकीतल्या दोरीवर असतो. पण एक गोष्ट राहिली.

मी त्या घरात आलो त्या संध्याकाळी काका खुशीत होते. परवाना टेबलावर ठेवून त्याच्याकडेच बघत बसले होते. मुलगी बाजूला येऊन उभी राहिली. म्हणाली, भाऊ जगाशी खोटं बोलले ते कळलं मला. तुम्ही मला का खोटं सांगितलंत? मी तर घरात विचारलं होतं.

काकांनी परवाना उलटा केला, सुलटा केला.

"तुला खरं सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर मग सगळ्यांनाच सांगावं लागलं असतं गं. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती तेव्हा."

ती रागावली नाही. चहा ठेवायला गेली. पण तेव्हापासून ती बाबांना प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते. जेवलात का? थोड्या वेळाने पुन्हा, जेवलात ना खरंच? गाडी नीट चालवलीत? नीट ना? काका दोन्ही वेळा उत्तर देतात, न चिडता. आणि ती दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळवून बघते. मला दिसतं ते दोरीवरून.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे मागणं थोडंच आहे. आम्हा चिमट्यांना पावसात विसरू नका, स्प्रिंग गंजते आणि मग आमचा चावा जातो. आणि घरातल्या कुणी तुम्हाला काही विचारलं, तर पहिल्याच वेळी खरं सांगा. दुसऱ्यांदा विचारायची सवय एकदा लागली की ती सुटत नाही. मला विचारा. नाहीतर त्या मुलीला विचारा.